दोघं मिळून एकशे अडतीस

वजनमापाचे निरीक्षक मोठ्या काट्यावर वर्षाचा शिक्का मारून, हात पुसून, चहाला नको म्हणून निघून गेले आणि काटे-मापं दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानातल्या माणसांनी चपला काढायला सुरुवात केली.

शिक्क्याच्या दिवशी घरातल्या सगळ्यांचं वजन व्हायचं. नानांच्या वडिलांपासूनचा हा पायंडा. वर्षातल्या या एका दिवशी काट्याच्या खरेपणाबद्दल सरकारचीही खात्री असते, एवढंच त्याचं कारण. नानांची उरलेले तीनशे चौसष्ट दिवसही असायची, पण ते स्वतःच्या मुलाचंही माप दोनदा तपासणारे गृहस्थ. खिशातल्या किल्ल्या, घड्याळं, चष्मे काढून एकेकाने लोखंडी फळीवर उभं राहायचं. सुई ठरेपर्यंत श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. सुई ठरली की नाना आकडा सांगणार आणि आत्या तो मापांच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिणार. काट्यावर जो चढला त्याचा आकडा दारावर गेलाच पाहिजे, असा नियम होता. त्यात एक मांजरही होतं: ३.४, आणि पुढे कंसात ‘हललं’.

सुई ठरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा दुसरा नियम. तो काट्यापुरता राहिला असता तर या घराचा इतिहास बराच आखूड झाला असता. लग्नं, दुखणी, नोकऱ्या, सगळ्याबाबत हे लोक सुई ठरण्याची वाट बघत बसायचे. नानांच्या धाकट्या मुलाने इलेक्ट्रॉनिक काट्यांची एजन्सी घेतली तेव्हा नानांनी दोन वर्षं त्यावर एक शब्द काढला नव्हता. काढला तेव्हा त्या एजन्सीवरच घर चालत होतं.

आत्याने कपाटाचं दार उघडलं. घरात सगळे तिला आत्याच म्हणत, सख्खे भाऊ आणि जन्मदाते नानासुद्धा. तीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. हजारो पोरं जन्मल्या जन्मल्या तोलली होती तिने, त्यामुळे कुठल्याही आकड्याला ती दचकत नसे. आज दचकली.

“हे काय आहे?”

गेल्या वर्षीच्या ओळींच्या खाली थोरल्या वहिनीचं वळणदार अक्षर होतं. *दोघं मिळून १३८.४.* तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.

“कोण दोघं?” नानांनी खुर्चीतूनच विचारलं.

“दादा आणि वहिनी असतील,” धाकटा बूट सोडता सोडता म्हणाला.

“दादा गेल्या वर्षी एकोणनव्वद. वहिनी बासष्ट. बेरीज येते ना तुला?” आत्या म्हणाली.

“मग दादा बारीक झाला असेल.”

सगळ्यांनी दादाच्या, म्हणजे थोरल्याच्या, पोटाकडे पाहिलं. तो मुद्दा तिथेच निकालात निघाला. थोरला मात्र फडक्याने एक पितळी माप पुसत होता. आधीच लखलखीत असलेलं माप.

“एकशे अडतीसातून वहिनीचे बासष्ट गेले,” आत्या म्हणाली.

“शहात्तर,” नाना म्हणाले. “वर थोडं.”

घरात शहात्तर किलोचं कुणी नव्हतं. आत्या अठ्ठावन्न, धाकटा सत्तर, नाना एकोणपन्नासच्या आसपास. धाकट्याची बायको आणि मुलं आज नव्हती, आणि त्यांची बेरीज कशीही केली तरी तिथे पोचत नव्हती. आत्याच्या मनात गेल्या सहा महिन्यांतल्या गोष्टी एकेक करून पुढे यायला लागल्या. मंगळवार आणि शनिवार दुपारचा तो वहिनीचा व्यायामाचा वर्ग. त्रेपन्नाव्या वर्षी अचानक घेतलेले कॅनव्हासचे बूट. गळ्यापाशी रापलेलं कातडं. व्यायामाचा वर्ग तर बंद हॉलमध्ये असतो. वहिनी तिची नुसती वहिनी नव्हती. एका ताटात जेवलेली मैत्रीण होती. तिने आपल्यालाही सांगू नये, याचा आत्याला आधी राग आला आणि मग त्या रागाखाली भीती वाटली.

“शहात्तर किलोचा माणूस म्हणजे,” धाकटा म्हणाला, “तब्येतीने बरा असणार.”

“तू गप्प बस.”

जिन्यावर पावलं वाजली. थोरली वहिनी पदर खोचून खाली आली. पायात तेच बूट, खांद्याला पिशवी. दार उघडं दिसलं तशी ती शेवटच्या पायरीवरच थांबली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, तो पाहत नव्हता, आणि मग ती बोलली.

“माझं आणि कॅप्टनबाईंचं आहे ते.”

“कोण कॅप्टनबाई?” आत्याने विचारलं.

“मी विमान शिकतेय, वन्सं.”

“शिकतेय म्हणजे?”

“चालवायला.”

धाकट्याला एकदम हसू फुटलं आणि तो खुर्चीत बसला. “बाई आहे? शहात्तर किलोची बाई?”

“सहा फूट उंच आहेत त्या. तुम्हाला उचलून बाजूला ठेवतील, भाऊजी.” थोरलीने श्वास घेतला. एवढे महिने घोकलेलं बोलणं ऐन वेळी भलत्याच टोकापासून सुरू झालं. “छोटं विमान असतं. दोघांचं. उडायच्या आधी वजनाचा हिशोब मांडावा लागतो, माणसं किती, इंधन किती. तिथे बाथरूममधला प्लॅस्टिकचा काटा आहे. मी उभी राहिले तर एकदा साठ, एकदा चौसष्ट. कॅप्टनबाई म्हणाल्या, काकू, माझे पंचाहत्तर धरा. धरा म्हणजे काय? असं वजन धरतात का?”

“नाही धरत,” नाना पटकन म्हणाले.

“म्हणून त्यांना घेऊन आले इथे. तुम्ही सगळे त्या बारशाला गेला होतात. दोघी एकदमच उभ्या राहिलो, बेरीजच हवी होती. तिथे बाई असो की पुरुष, ‘दोघं मिळून किती’ असंच विचारतात. आणि मग...” ती दाराकडे बघत राहिली. “काट्यावर चढलो म्हणजे लिहायला हवं ना.”

चोरून केलेल्या गोष्टीचा पुरावा असा स्वतःच्या हाताने, तारीख घालून लिहून ठेवणारी बाई दुसऱ्या कुठल्या घरात सापडली नसती.

“एकत्र?” नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “दोन माणसांचं वजन एकत्र लिहिलंस तू? माझ्या वडिलांच्या दारावर? एकत्र लिहिलं तर उद्या कुणाचं किती ते कसं कळणार?”

“नाना, ती विमान चालवते म्हणतेय,” आत्या म्हणाली.

“ऐकलं मी. बहिरा नाही. चढ आधी काट्यावर.”

थोरलीने पिशवी ठेवली, घड्याळ काढलं, फळीवर उभी राहिली. सुई वर गेली, मागे आली, थरथरली. सगळे थांबले.

“एकसष्ट पॉइंट आठ,” नाना म्हणाले. “म्हणजे त्या बाई शहात्तर पॉइंट सहा. लिही आत्या, वेगवेगळं.”

आत्याने लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवून ती वळली. आता तिच्यातली नर्स जागी झाली होती. “मेडिकल झालं?”

“झालं.”

“डोळे? बीपी? ईसीजी?”

“सगळं. डॉक्टर म्हणाले, तिशीतल्या पोरांचं असं नसतं.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही यांना सांगितलं असतं.” थोरली थांबली. “आणि मला वाटत होतं की यांनी विचारावं.”

ज्याने हे बोलणं उचलायचं तो अजून तेच माप पुसत होता.

धाकट्याला मात्र आता मजा यायला लागली होती. “मग वहिनी, आम्हाला फिरवणार कधी? मी मागे बसेन.”

“मागे सीट नसते. आणि आज तर पुढचीही रिकामीच राहणार आहे. आज चार वाजता मी एकटी जाणार. पहिल्यांदा. वारा पडला तर.”

धाकट्याचं हसू मावळलं. “एकटी म्हणजे? त्या बाई?”

“त्या खाली उभ्या राहणार.”

“छे छे. हे काही बरोबर नाही. दोघी आहात तोवर ठीक. एकटीने काय? काही झालं तर? दादा, तू बोल ना काहीतरी!”

“त्याला काय विचारतोस?” आत्या म्हणाली. मघापर्यंत तिला स्वतःलाच वहिनीला खोलीत कोंडावंसं वाटत होतं. पण धाकट्याने ‘बरोबर नाही’ म्हटलं आणि तिचं मन पार फिरलं. “तिचे डोळे तपासलेत, छाती तपासलीय. आपल्यापैकी कुणाचं एवढं तपासलंय? तुझी शुगर बघितलीस का गेल्या वर्षात? जाऊ दे तिला.”

“नाना, तुम्ही तरी सांगा.”

नाना उठले, चपला काढून फळीवर चढले. धाकट्याने वाकून आकडा वाचला. “सत्तेचाळीस पॉइंट दोन.”

“गेल्या वर्षी एकोणपन्नास. त्याच्या आदल्या वर्षी एक्कावन्न,” नाना म्हणाले. “असंच चाललं तर हिच्याआधी मीच उडेन.” ते स्वतःच हसले, पण बाकी कुणाला हसता आलं नाही. “किती वाजता निघायचंय तुला, सूनबाई?”

“दीडची बस आहे.”

“मग जेवून घे. जड नको जेवू.”

थोरली वर गेली. दीडला पाच मिनिटं असताना खाली आली, सगळ्यांना “येते” म्हणाली, आणि दारात क्षणभर घुटमळली. तिला हवा होता तो एक प्रश्न, कुठलाही. भीती वाटते का, एवढंही चाललं असतं. थोरल्याने वर पाहिलं, ओठ हलले.

“पाण्याची बाटली घेतलीस?”

“घेतली,” ती म्हणाली आणि गेली.

*

थोरल्याने तो आकडा तीन आठवड्यांपूर्वीच पाहिला होता. लिहिला गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी. मापांचं कपाट रोज तोच उघडायचा, आणि हे त्याच्या बायकोला पुरतं ठाऊक होतं. वजाबाकी त्याने तिथेच उभ्या उभ्या केली होती. मग दार लावून कामाला लागला होता.

त्यानंतर रोज सकाळी तो ते दार उघडत होता आणि आकडा तसाच असायचा. पहिल्या आठवड्यात त्याने गल्लीतल्या, ओळखीतल्या सगळ्या पुरुषांना मनातल्या मनात काट्यावर चढवलं. कुणी शहात्तरचा निघाला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला स्वतःची लाज वाटली. तिसऱ्या आठवड्यात नुसती एक आठवण राहिली, आणि ती सगळ्यात वाईट होती.

लग्नाचं पहिलं वर्ष. गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावरचा मालाचा काटा तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. ती बरोबर आली होती, वीस किलोची मापं उचलून द्यायला. दर दहा मिनिटांनी तिथल्या फ्लाइंग क्लबचं एखादं विमान उठायचं आणि ती माप हातातच धरून मान वर करून बघत राहायची. तो वैतागून म्हणाला होता, “अगं, ठेव ते.” ती म्हणाली होती, “वरून आपण केवढे दिसत असू हो?” आणि त्याने म्हटलं होतं, “बसू एकदा. पुढच्या वर्षी.” हे वाक्य त्याने पुढे दरवर्षी म्हटलं होतं. आधी खरंच, मग सवयीने, आणि शेवटी शेवटी तीही काही म्हणायची नाही. मग तिथे धाकट्याचे इलेक्ट्रॉनिक काटे बसले आणि जाणंच संपलं. आज कळलं, ‘पुढचं वर्ष’ तिने स्वतःच गाठलं होतं.

“तू कधी पाहिलंस ते दार?” नानांनी विचारलं. दुकानात आता दोघेच होते.

“तीन आठवडे झाले.”

“आणि बोलला नाहीस?”

“वाट बघत होतो.”

“कसली?”

“तुम्हीच शिकवलंत ना. सुई ठरल्याशिवाय बोलायचं नाही.”

नानांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आपला सत्तावन्न वर्षांचा मुलगा, पोट सुटलेला, हातात फडकं. त्यांना आपली बायको आठवली, जिला त्यांचंही बरंच काही विचारायचं राहून गेलं होतं.

“अरे गाढवा,” ते हळू म्हणाले, “ते मी पोत्यांसाठी सांगितलं होतं.”

मग त्यांनी गल्ल्याशेजारच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. “दुकान मी बघतो. शिक्क्याच्या दिवशी कोण मरायला येतंय?”

*

विमानाची कागदपत्रं करताना कॅप्टनबाईंनी स्वतःच्या नावापुढचा आकडा खोडला. आता फॉर्मवर एकसष्ट पॉइंट आठ एवढंच होतं, आणि इंधन.

“काकू, एकच चक्कर. उठायचं, वळायचं, उतरायचं. मी उतरल्यावर विमान लवकर उठेल, घाबरू नका. उतरताना जरा तरंगत राहील. आणि तो तुमचा रोग?”

“लक्षात आहे.”

तिचा रोग साऱ्या क्लबला माहीत होता. पहिल्या दहा धड्यांत थोरली सुयांकडे बघून विमान चालवायची. उंचीची सुई थरथरली की ती ठरेपर्यंत थांबायची आणि मगच हात हलवायची. तोवर विमान भलतीकडेच गेलेलं असायचं. शेवटी कॅप्टनबाईंनी सगळ्या तबकड्यांवर रुमाल टाकला होता आणि म्हणाल्या होत्या, “हे दुकान नाही, काकू. इथे सुई उडताना थांबत नाही. हलत असतानाच ठरवायचं. बाहेर बघा.” त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये तिला रडू आलं होतं, आणि ते विमानासाठी नव्हतं.

कॅप्टनबाई उतरल्या, दार लावलं, दोनदा थोपटलं आणि बाजूला झाल्या. शेजारची सीट रिकामी. पट्टा बांधून ठेवलेला.

टॉवरची परवानगी आली. तिने पॉवर दिली आणि धावपट्टी अंगावर धावून आली. चाकं सुटली ती तिच्या अंदाजाच्या कितीतरी आधी. शहात्तर पॉइंट सहा. तिच्या हातांना ते बरोबर कळलं. तीस वर्षं हातांनी वजनं ओळखणारी बाई ती, पण उणं झालेलं वजन तिने आज पहिल्यांदा ओळखलं. ती मोठ्याने हसली, आणि तिचा आवाज तिलाच हेडफोनमध्ये ऐकू आला.

वर गेल्यावर डावीकडे वळली. खाली सगळं नीट मांडलेलं होतं, छपरं, रस्ता, बसथांबा. उंचीची सुई थरथरत होती. तिने एकदा पाहिली आणि नजर बाहेर नेली. माणसं दिसत होती, पण तिळाएवढी. इतक्या वर्षांनी तिला उत्तर मिळालं होतं, आणि ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं. तिला त्याची आठवण आली. रागही आला, पण आठवण जास्त आली. तो इथे असता तर विमान एवढं लवकर उठलं नसतं, हेही तिला सुचलं आणि ती पुन्हा हसली. मग डोळे पुसले, कारण आता उतरायचं होतं.

*

थोरला कुंपणापाशी पोचला तेव्हा विमान धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला होतं, उन्हात एक पांढरा ठिपका. शेजारी एक उंच बाई हातात रेडिओ घेऊन उभी होती. त्याने एका नजरेत अंदाज केला.

“शहात्तर पॉइंट सहा,” तो म्हणाला.

बाईंनी चमकून पाहिलं आणि हसल्या. “तुम्ही काका का?”

“हो.” तो आकाशाकडे बघत होता. “तुम्ही उतरलात ते तिला कळलं असेल?”

“लगेच कळतं. विमान एकदम हलकं होतं.”

त्याने मान हलवली. इतकी वर्षं आपण तिच्या शेजारच्या सीटवर बसून होतो, पट्टा बांधून, एकोणनव्वद किलो. मधेच कुठेतरी उतरून गेलो असतो तर तिला कळलं असतं का, असं त्याच्या मनात आलं. की आपण केव्हाच उतरलो होतो? त्याने कुंपणाची तार घट्ट धरली.

विमान वळलं, खाली यायला लागलं. धावपट्टीवर येऊन तरंगत राहिलं, तरंगतच राहिलं. बाई पुटपुटल्या, “थांबा काकू, घाई नको.” चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. बाईंनी रोखलेला श्वास सोडला. थोरल्याला आपणही रोखला होता हे नंतर कळलं.

पंखा थांबला. ती उतरली, केस विस्कटलेले, आणि कॅप्टनबाईंनी तिला मिठीत उचललंच. मग तिला कुंपणापाशी दुकानाची गाडी दिसली. आणि तो.

ती चालत आली. मधे तार होती.

“दुकान?” तिने विचारलं.

“नाना आहेत.” सकाळीच सगळं उघड झालं होतं, विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी त्याने विचारलं. “ते दारावर... दोघं मिळून एकशे अडतीस. कोण होतं दुसरं?”

ओठ दाबून धरले होते तिने. “तीन आठवडे लागले तुम्हाला?”

“सुई ठरत नव्हती.”

“आणि आता ठरली?”

“नाही,” तो म्हणाला. “अजून हलतेय. पण विचारलं.”

तिने तारेतून हात घालून त्याची बोटं धरली.

“वरून आपण केवढे दिसतो गं?” त्याने विचारलं.